चुन्याची रेघ

गोठ्यावर तिला समोर सगळे काकू म्हणत आणि पाठीमागे चीकवाली. घाईगर्दीत कुणाच्या तोंडून ते दुसरं नाव समोरच निघून गेलं, तरी ती न रागावता ओ देई. खरं सांगायचं तर तेच तिला जास्त आवडायचं. काकू काय, कुणीही होऊ शकतं. वय झालं की झालं.

गाय व्यायली की पहिल्यांदा जे दाट पिवळं दूध येतं, तो चीक. नव्या वासराच्या अंगात रोगाशी झुंजायची ताकद नावालाही नसते. ती चिकातून येते, आणि तीही पहिल्या काही तासांतच. उशीर झाला की चीक पोटात जातो, पण अंगी लागत नाही. हे तिला पुस्तकातून कुणी शिकवलं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी ती कामाला लागली, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या गवळ्याने एका वाक्यात सगळं शिक्षण उरकलं होतं: "दोन तासांत पाजलंस तर वासरू तुझं, नाहीतर खड्ड्याचं."

तेव्हापासून गाय व्यायला झाली की ही बाटली धरून दाराआड उभी. विंगेत उभं राहून आपल्या एंट्रीची वाट बघणाऱ्या नटीच्या चेहऱ्यावर जे असतं, तेच तिच्या चेहऱ्यावर असायचं. धार काढणारा गडी चिडवायचा.

"काकू, गाईला अजून कळा नाहीत, आणि तुम्ही बाटली घेऊन हजर."

"गाय तिचं बघेल. तू हात धुतलेस का ते सांग."

"सकाळी धुतले होते की."

"सकाळी तू जेवलासही होतास. मग दुपारी का जेवतोस?"

गडी मुकाट्याने नळाकडे जाई.

वासरांची शेड लांबच लांब होती. वर पत्रा, दोन्ही अंगांना जाळीच्या खिडक्या, आणि दारापासून टोकापर्यंत लाकडी कप्प्यांची एक ओळ. एका कप्प्यात एक वासरू. दाराजवळ नुकती जन्मलेली, मग आठवड्याची, मग महिन्याची, आणि पार टोकाला चार कप्पे आजाऱ्यांचे. ही शेड म्हणजे तिचं राज्य. वासरू जन्मलं की ती नाळ आयोडीनमध्ये बुडवायची, पेंढ्याने अंग चोळायची, बाटली द्यायची. दूध किती गरम आहे ते मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघायची. पेंढा कोरडा आहे का, हे डोळ्यांनी बघण्यावर तिचा विश्वास नव्हता. ती सरळ गुडघे टेकून बसायची आणि मनात वीस अंक मोजायची. उठताना लुगड्याला ओल लागली असेल तर सगळा पेंढा बाहेर. तिच्या प्रत्येक लुगड्याला गुडघ्यांवर दोन फिकट वर्तुळं पडली होती. घरी शिवणकाम करणारा तिचा नवरा म्हणायचा, "बाकीचं लुगडं फुकट गेलं, हिला दोन गुडघ्यांपुरतंच कापड लागतं."

आणि आजारी वासरू. तिथे तिची खरी कला होती. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती पटकन सपाट झाली तर ठीक, उभीच राहिली तर अंगातलं पाणी संपत आलं. कान गार, डोळे खोल गेलेले, शेपटी माखलेली. मग मीठ, साखर आणि सोडा घातलेलं कोमट पाणी घोटाघोटाने पाजत ती तिथे तास तास बसायची. डावा तळवा कपाळावर ठेवून. पाजताना वासराच्या कपाळावर हात ठेवायची तिला सवयच होती, मग ते आजारी असो की धडधाकट. त्यानं वासरू शांत होतं, असं ती म्हणायची. होतही असेल.

त्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं. दीड महिन्यात सात वासरं गेली. सातही एकाच तऱ्हेने गेली. जन्मताना ठणठणीत, वेळेवर चीक प्यालेली, पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत उड्या मारणारी. मग एका सकाळी पाण्यासारखी हगवण, आणि तीन दिवसांत खेळ खलास. एक जायच्या आत दुसऱ्याला लागण. टोकाचे चारही कप्पे भरलेले, आणि पाचवं आजारी वासरू ठेवायचं कुठे, हा प्रश्न.

गोठ्याच्या व्यवस्थापकाने सगळ्यांना बोलावलं. तो फार बोलणारा माणूस नव्हता. खुर्चीत बसून तो पेनाचं टोपण काढायचा आणि लावायचा, तेवढ्यावरून त्याची मनःस्थिती कळायची.

"शनिवारपर्यंत कारण सापडलं पाहिजे," तो म्हणाला. "नाही सापडलं तर वासरांकडचे हात बदलायचे. काकू, मला दुसरा उपाय दिसत नाही."

वासरांकडचे हात म्हणजे दोन जणींचे. एक ही, आणि दुसरी बाटल्या धुणारी. ती चाळिशीची, अबोल बाई दिवसभर मोरीपाशी असायची. तिच्या कोपरापर्यंत कायम साबणाचा फेस, म्हणून गड्यांनी तिचं नाव फेसबाई पाडलं होतं. ती आल्याला दीड वर्ष झालं होतं.

काकूंनी मान वर केली नाही. जमिनीकडे बघत त्या म्हणाल्या, "बाटल्यांचं एकदा बघा."

एवढंच. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. फेसबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने हात पदराला पुसले, खरं तर ते तेव्हा कोरडेच होते.

गोठ्यावर आठवड्यातून दोनदा जनावरांची डॉक्टरीण यायची. नवीनच होती, पण कामाला चोख. तिने बाटल्या तपासल्या. चोखायची रबरी बुचं उलटी करून आत बोट फिरवलं. दूध तपासलं, पाणी तपासलं, पेंढ्याच्या गंजीत हात खुपसून वास घेतला. काकूंनाही तिने सगळं विचारलं. चीक कधी? नाळ कशी? दूध किती गरम?

"आणि कुठल्या क्रमाने पाजता?"

"दारापासून. ओळीने," काकू म्हणाल्या.

डॉक्टरिणीने ते लिहून घेतलं. काकू खोटं बोलल्या नव्हत्या, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे तरी नाही.

घरी त्या दिवशी नवऱ्याला खोकला झाला होता. काकूंनी पदर खोचायच्या आधी चहा टाकला आणि पहिला कप त्याला नेऊन दिला. धाकटी मुलगी कामावरून थकून आली होती. ती दाराशी उभी राहून हे बघत होती.

"बाबा, खरंच खोकला आहे, की चहाची तल्लफ?"

"दोन्ही आहे," नवरा शिवणयंत्रावरून म्हणाला. "तुझ्या आईच्या राज्यात धडधाकट माणसाला दुसरा नंबर. हे मी लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलं. तुला अजून खोकता येत नाही, त्याला मी काय करू?"

"मला गोवर आला तेव्हा ताईचं ताट तिसऱ्यांदा गरम करायला लागलं होतं," धाकटी म्हणाली. "आणि मग तिलाही गोवर आला."

सगळे हसले. काकूही हसल्या. आजाऱ्याकडे आधी बघायचं नाही तर काय नंतर, असं म्हणून त्यांनी उरलेला चहा ओतला.

गुरुवारी सकाळी डॉक्टरीण लवकर येऊन, आजारी वासरं बघून गाईंकडे गेली होती. आजारी वासरांवर खूण करायचा खडू संपला होता, म्हणून तिने जखमेवर लावायचं निळं औषध घेतलं आणि चार वासरांच्या कपाळावर त्याचा एकेक पट्टा ओढला, इंजेक्शन दिलं ते कळावं म्हणून. औषध अजून ओलंच होतं. काकू आल्या त्या नेहमीप्रमाणे सरळ टोकाला गेल्या. चारही आजाऱ्यांपाशी बसल्या, घोटाघोटाने पाणी पाजलं, तळवा कपाळावर. मग नेहमीप्रमाणे बादलीत हात खळबळून दाराशी परत आल्या आणि पहिल्या कप्प्यातल्या दोन दिवसांच्या कालवडीला बाटली दिली. मग दुसऱ्या कप्प्यात. मग तिसऱ्या. दोन कप्प्यांच्या मध्ये हात बादलीत बुडवायचे, हा त्यांचा नेम. सव्वीस वर्षांचा.

एकोणीस वासरं पाजून त्यांनी पाठ सरळ केली आणि ओळीवरून नजर टाकली. रोज टाकायच्या. कोण डोकं खाली घालून उभं आहे, कोण कान पाडून, ते अशा एका नजरेत कळतं.

पहिल्या कालवडीच्या कपाळावर निळी बोटं उमटली होती. पाचही, स्पष्ट. दुसऱ्या वासराच्या कपाळावर चार. तिसऱ्याच्या कपाळावर एक मोठा डाग आणि नाकपुडीपाशी एक. पुढे पुढे निळं फिकट होत गेलं होतं, पण होतं. काकू ओळीने चालत गेल्या. अकराव्या वासरापर्यंत रंग दिसत होता. बाराव्याच्या कपाळावर आहे की नाही, हे सांगणं कठीण होतं.

त्यांनी डावा हात उलटा केला. तळव्याच्या रेघांत निळं बसलं होतं. मग बादलीत बघितलं. बादलीतलं पाणी आकाशाच्या रंगाचं झालं होतं.

हगवणीला असा रंग नसतो. असता तर सव्वीस वर्षं वाट बघावी लागली नसती.

त्या बादली धरून तशाच उभ्या राहिल्या. खांद्यावर ओलं फडकं होतं. अकरा कपाळं पुसायला फार वेळ लागला नसता. शनिवार परवावर होता, आणि बाटल्यांचं एकदा बघा, हे वाक्य बोलून झालं होतं. त्यांनी फडकं हातात घेतलं. पहिल्या कालवडीच्या कपाळापर्यंत नेलं. तेवढ्यात रिकाम्या बाटल्या न्यायला फेसबाई आली.

ती दारातच थबकली. एका कपाळावरून दुसऱ्या कपाळावर तिची नजर सरकत गेली.

"काकू, सगळ्यांना शिक्के मारलेत का आज?"

"मारले," काकू म्हणाल्या. मग फडकं परत खांद्यावर टाकलं. "बाटल्या राहू दे. डॉक्टरीण अजून गाईंकडेच असेल. पळ, तिला बोलाव. साहेबांनाही घेऊन ये. तोवर मी काही पुसत नाही."

तिघं येईपर्यंत त्या जागेवरून हलल्या नाहीत. डॉक्टरिणीला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने ओळ बघितली, बादली बघितली, आणि वही उघडली.

"मी तुम्हाला क्रम विचारला होता. तुम्ही म्हणालात, दारापासून ओळीने."

"ओळीनेच पाजते."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी आजाऱ्यांना बघून येते."

"नुसतं बघून?"

"थोडं पाजून," काकू म्हणाल्या. "ते मी पाजण्यात धरत नव्हते."

व्यवस्थापकाने पेनाचं टोपण काढलं, लावलं. "म्हणजे बाटल्या..."

"बाटल्या स्वच्छ आहेत," काकूंनी त्याला पुरं बोलू दिलं नाही. "मी बोलले ते चुकीचं बोलले. तेही लिहून घ्या, बाई, तुमच्या वहीत."

फेसबाई खाली बघत होती. तिने रिकामी बाटली या हातातून त्या हातात घेतली.

मग डॉक्टरिणीने रीत घालून दिली. सगळ्यात आधी सगळ्यात लहान आणि निरोगी वासरं, त्यानंतर मोठी, आजारी सगळ्यात शेवटी. हात वाहत्या पाण्याखाली धुवायचे, बादलीत नाही. आजाऱ्यांसाठी वेगळ्या बाटल्या, वेगळे गमबूट, वेगळं फडकं. आणि जमलं तर माणूसही वेगळं. आजाऱ्यांकडे जाणारीने तान्ह्यांना हातच लावायचा नाही.

"माणसं दोनच आहेत," व्यवस्थापक म्हणाला. "काकू, तुम्ही तान्ही घ्या. सव्वीस वर्षं तुम्हीच चीक पाजताय. ही टोकाचे कप्पे बघेल."

सगळ्यांना तेच सरळ वाटलं. काकूंनाही आधी तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मान हलवायला सुरुवात केली होती. मग ती थांबली.

"टोकाच्या चारांना हिच्या हाती दिलं तर चारही जातील," त्या म्हणाल्या. "हिला कातडी बघता येत नाही. कधी किती पाजायचं ते कळत नाही. तान्ह्यांचं तसं नाही. त्यांना स्वच्छ हात लागतात, आणि वेळ. या गोठ्यात हिच्याइतके स्वच्छ हात कुणाचे नाहीत. मी टोकाला जाते."

"काकू, पण चीक..."

"चीक आता हिचा."

त्याच दुपारी गड्याने आजारी कप्प्यांच्या अलीकडे जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. जरा वाकडीच आली. काकूंनी ती पुसून पुन्हा ओढायला लावली.

पहिला आठवडा अवघड गेला. काकू पहाटे येत आणि त्यांना काहीच काम नसे. तान्ह्यांचं होईपर्यंत रेघेच्या पलीकडे उलट्या बादलीवर बसून राहायचं. चारही आजारी वासरं हंबरत राहायची. त्यांना ठरल्या वेळी ही बाई दिसायची सवय होती, आणि आता ती दिसत असूनही उठत नव्हती. फेसबाईच्या हालचाली बघताना काकूंचे हात मांडीवर आपोआप हलत. पाठ असलेला प्रवेश दुसरी कुणी करत असेल, तर ओठ हलतातच, तसं.

चारांपैकी एक गेलं. तीन जगली. नवी लागण आधी कमी झाली, मग जवळजवळ थांबली. पंधरा दिवसांनी टोकाचे तीन कप्पे घासूनपुसून, चुना मारून उन्हाला उघडे पडले होते. काम चांगलं झालं तर आपल्याला काम उरत नाही, हे काकूंच्या ध्यानात आलं होतं. घरी एवढाच फरक पडला, की नवऱ्याने एकदा खोकून बघितलं, तर चहा आधी धाकटीला मिळाला. "गोठ्यातली हवा घरापर्यंत आली," असं म्हणून तो पुन्हा शिवायला बसला.

पाचव्या आठवड्यात पहिलटकरीण गाय व्यायली. वेळ लागला होता, वासरू ओढून काढावं लागलं होतं. डॉक्टरीण दुसऱ्या गावी गेली होती, फोन लागत नव्हता. गडी धारेला बसला होता. काकूंच्या बाजूला एकच आजारी वासरू होतं, नवं आलेलं. त्याला आदल्या दिवसापासून हगवण होती, आणि त्याचं तोंड पुसून काकू नुकत्याच उठल्या होत्या.

शेडच्या दुसऱ्या टोकाकडून फेसबाईचा आवाज आला. एरवी तिचा आवाज शेडभर जायचा नाही.

"काकू, हे तोंडच उघडत नाही."

"किती वेळ झाला?"

"दीड तास होऊन गेला. तुम्ही या ना. एकदाच."

काकू रेघेपर्यंत चालत आल्या. गमबुटाचं टोक चुन्याला लागलं, तिथे थांबल्या. तिथून त्यांना ते वासरू नीट दिसत होतं. पेंढ्यावर पसरलेलं, मान एका बाजूला, जीभ बाहेर. दोन तासांतला अर्धा तास उरला असेल, नसेल. म्हाताऱ्या गवळ्याचं ते एका वाक्याचं शिक्षण त्या पाठ म्हणू शकत होत्या. मधे वीस पावलं होती.

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. या वेळी त्यांच्यावर कसलाही रंग नव्हता.

"माझ्या हातांना काय लागलंय, ते तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी इथून सांगते. तू कर. आधी बाटली खाली ठेव."

"ठेवली."

"त्याला छातीवर बसव. पाय दोन्हीकडे. आता पेंढा घे आणि अंग चोळ. तसं नाही, जोरात. तू बाटल्या घासतेस तसं घास."

फेसबाईने घासलं. वासराने एकदा मान उचलली आणि टाकली.

"चालू ठेव. नाक पूस, आतला चिकट काढ. आता चिकात बोट बुडव. टाळूला लाव आणि हळूहळू फिरव. मान वर खेचू नको, नाहीतर श्वासात जाईल. हनुवटीला नुसता आधार."

शेडमधली बाकीची वासरं जणू ऐकत होती. काकू एका पायावर भार टाकून पुढे झुकल्या होत्या, रेघ न ओलांडता जेवढं झुकता येईल तेवढ्या. अंधारात उभ्या राहून पुढचा शब्द पुरवणाऱ्या माणसाला रंगमंचावर पाऊल टाकता येत नाही, प्रयोग कोसळत असला तरी.

"काही नाही, काकू."

"पुन्हा बुडव. पुन्हा."

बराच वेळ काही झालं नाही. मग फेसबाईचा खांदा किंचित हलला.

"जीभ," ती म्हणाली. "बोटाला गुंडाळली."

"ओढतंय?"

"ओढतंय थोडं."

"त्याला कळायच्या आत बोट काढ आणि बूच दे."

वीस पावलांवरून चोखण्याचा आवाज येत होता, आधी थांबत थांबत, मग एका लयीत. काकूंनी डोळे मिटून तो मोजला. चांगला वीसपर्यंत मोजला.

"किती पाजू?" फेसबाईने विचारलं.

"ही बाटली संपव. मग त्याला थोडा दम घेऊ दे आणि दुसरी दे. आणि नाळ?"

"नाळ आधीच बुडवली."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि वळल्या. त्यांच्या पाठीमागचं वासरू उठून कप्प्याच्या फळीला येऊन उभं राहिलं होतं. सकाळी त्याला उभं राहता येत नव्हतं. त्यांनी त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती हळूहळू खाली बसली, पण बसली.

बाहेरून धार काढणाऱ्या गड्याची हाक आली. दुसरी गाय व्यायला झाली होती.

"चीकवाली, ए चीकवाली, लवकर ये."

काकूंच्या हातात आजाऱ्याच्या पाण्याची बादली होती. त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"आले," फेसबाईने ओ दिली.